मास्तरांचा प्रश्न आणि गावाचे मौन : ‘सामना’ या चित्रपटाच्या टिकाऊ थराराची मीमांसा

प्रस्तावना :

रहस्यपटाचे आयुष्य सामान्यतः त्यातील रहस्याइतकेच असते. खुनी कोण हे एकदा कळले की दुसऱ्यांदा चित्रपटगृहाकडे वळणारा प्रेक्षक गाण्यांसाठी, अभिनयासाठी किंवा जुन्या आठवणींसाठी येतो; उत्कंठेसाठी येत नाही. मराठी चित्रपटसृष्टीत या नियमाला एक ठळक अपवाद आहे. विजय तेंडुलकर यांची पटकथा, रामदास फुटाणे यांची निर्मिती आणि जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन असलेला ‘सामना’ हा तो चित्रपट. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि १९७५ च्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा विभागात त्याची निवड झाली. या घटनांना आता पन्नास वर्षे उलटली आहेत. मारुती कांबळे या माणसाचे पुढे काय झाले, हा त्यातील मध्यवर्ती प्रश्न मराठी बोलण्यात इतका रुळला आहे की ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही तेही तो सहज उच्चारतात. कोठे एखादे प्रकरण दडपले गेले, एखादी चौकशी विस्मरणात गेली, की मारुती कांबळेची आठवण निघते.

प्रश्नही ठाऊक आणि त्याचे उत्तरही ठाऊक, तरीही चित्रपट पाहताना मन ताणले जाते, ही वस्तुस्थिती विचार करायला लावणारी आहे. प्रस्तुत लेखात या टिकाऊ थराराची कारणे चित्रपटाची रचना, त्यामागील सामाजिक वास्तव आणि आजच्या ग्रामीण प्रेक्षकाची स्थिती या तीन अंगांनी तपासली आहेत.

रहस्य आणि उत्कंठा :

आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रसिद्ध संवादात आश्चर्य आणि उत्कंठा यांत भेद केला आहे. मेजाखाली ठेवलेला बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला क्षणभर धक्का बसतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल आणि मेजाभोवती बसलेल्या माणसांना माहीत नसेल, तर त्यांच्या साध्या गप्पाही असह्य वाटू लागतात. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) किंवा वसंत जोगळेकर यांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) हे मराठीतील लोकप्रिय रहस्यपट मुख्यतः पहिल्या प्रकारचे आहेत. त्यांत प्रेक्षकापासून काहीतरी लपवलेले असते आणि शेवटी ते उघड केले जाते. उलगडा झाला की मन मोकळे होते.

‘सामना’ हा वरकरणी याच मार्गाने जातो. एका साखरपट्ट्यातील गावात एक अनोळखी, दारूच्या आहारी गेलेला मास्तर येऊन पोहोचतो. गावाचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे-पाटील त्याला आपल्या आश्रयाला घेतो. मास्तरांच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडते आणि त्या नावाबरोबर माणसे गप्प होतात, हे त्यांच्या ध्यानात येते. येथून शोध सुरू होतो. मारुती हा सैन्यातून परतलेला माणूस होता, गावातील पिळवणुकीविरुद्ध तो बोलू लागला होता आणि नंतर तो दिसेनासा झाला, असे चित्र तुकड्यातुकड्यांनी जुळत जाते.

तथापि, या मांडणीत चतुर प्रेक्षकाला चकवणारे असे फारसे काही नाही. गुन्हा कोणी केला असावा याचा अंदाज पहिल्या काही प्रसंगांतच येतो. तेंडुलकरांनी तो लपवण्याचा आटापिटाही केलेला नाही. उत्कंठेचे केंद्र त्यांनी दुसरीकडे ठेवले आहे : आता हा प्रश्न कोणापुढे विचारला जाईल, ऐकणारा काय करील आणि विचारणाऱ्याचे काय होईल? हिचकॉकच्या दृष्टान्तातील बॉम्बची जागा येथे एका साध्या वाक्याने घेतली आहे. ते वाक्य कधी दबक्या आवाजात येते, कधी नशेत, कधी थेट तोंडावर. दर वेळी वाक्य तेच असते; ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर उमटणारी प्रतिक्रिया मात्र वेगळी असते. प्रेक्षक उत्तराची वाट पाहत नाही, तो या प्रतिक्रियेची वाट पाहतो. म्हणूनच उत्तर माहीत असण्याने उत्कंठेत उणेपणा येत नाही.

सर्वांना ठाऊक असलेले गुपित :

परका माणूस गावात येतो आणि नाहीशा झालेल्या व्यक्तीबद्दल विचारू लागतो, हा कथाबंध जागतिक चित्रपटाला अपरिचित नाही. जॉन स्टर्जेस यांच्या ‘बॅड डे अ‍ॅट ब्लॅक रॉक’ (१९५५) या अमेरिकी चित्रपटात स्पेन्सर ट्रेसीने रंगवलेला एक हात गमावलेला माजी सैनिक वाळवंटातील आडगावी उतरतो आणि कोमोको या जपानी शेतकऱ्याची चौकशी करतो. सारे गाव त्याच्याशी वैरभावाने वागू लागते. दोन्ही कलाकृतींतील साम्य स्पष्ट आहे. नाहीसा झालेला माणूस समाजाच्या कडेला ढकललेल्या गटातील आहे, गुपित एकट्यादुकट्याचे नसून साऱ्या वस्तीचे आहे आणि ते फोडण्याची सुरुवात बाहेरच्याकडूनच होते.

भेदही तितकाच बोलका आहे. ब्लॅक रॉकचा पाहुणा शरीराने अधू असला तरी मनाने खंबीर आणि हाताने चपळ आहे. प्रसंगी तो एका हाताने प्रतिस्पर्ध्याला लोळवतो. ‘सामना’मधील मास्तरांना शरीराचे बळ नाही, कायद्याचे पाठबळ नाही आणि स्वतःच्या तोलाचीही खात्री नाही. ते ज्याच्या घरी खातात-पितात त्यालाच प्रश्न विचारतात. ब्लॅक रॉकमध्ये गाव पाहुण्याला हाकलू पाहते. येथे सत्ताधीश पाहुण्याला जवळ बसवतो, त्याच्याशी मैफल रंगवतो. धाकाऐवजी पाहुणचार हे हिंदुरावाचे पहिले शस्त्र आहे. मराठी ग्रामीण समाजात अन्नाला जागणे ही मोठी मूल्यकल्पना आहे आणि तेंडुलकरांनी नेमक्या या मूल्याचाच सापळा रचला आहे. उपकाराखाली दबलेल्या माणसाने सत्य विचारावे काय, हा पेच प्रेक्षकाच्या रोजच्या अनुभवातील असल्याने तो चटकन अंगाला भिडतो.

गुपित सर्वांना ठाऊक असणे याचा आणखी एक परिणाम होतो. सामान्य रहस्यपटात शोधकाला माहिती मिळवायची असते. येथे माहिती गावभर पसरलेली आहे. मिळवायचा आहे तो उच्चार. माहीत असणे आणि बोलणे यांतील अंतर हाच या चित्रपटाचा खरा विषय ठरतो. त्यामुळे गावातील प्रत्येक दुय्यम व्यक्तिरेखेकडे प्रेक्षक एकाच नजरेने पाहतो : हा बोलेल काय?

हिंदुरावाचा जमाखर्च :

या मौनाचे कारण केवळ भीती मानले तर चित्रपटाचे अर्धे बळ निघून जाईल. हिंदुराव हा जुन्या तमाशापटातील मिशीला पीळ देणारा पाटील नाही. तो नव्या व्यवस्थेचे अपत्य आहे. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे झाली आणि १९५० च्या सुमारास तेथे साखर तयार होऊ लागली. राज्यनिर्मितीनंतर सहकारी संस्थांचा १९६० चा कायदा आला, १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला आणि कारखाना, बँक, दूधसंघ, शिक्षणसंस्था यांचे जाळे पसरले. या चळवळीने लहान शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवले, खेड्यात रस्ते आणि शाळा आणल्या, हे नाकारता येणार नाही. त्याच जाळ्याच्या सर्व गाठी एका माणसाच्या मुठीत आल्या की काय होते, हे ‘सामना’ने पडद्यावर आणले. १९७२ च्या दुष्काळाने ग्रामीण विषमता उघडी पाडली होती आणि त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली होती. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी, जून १९७५ मध्ये, देशात आणीबाणी लागू झाली आणि प्रश्न विचारणे हाच गुन्हा ठरू लागला. त्या काळाचा ताण चित्रपटाच्या अंगात मुरलेला आहे.

हिंदुरावाला आपल्या कर्तृत्वाचा अभिमान आहे आणि तो पोकळ नाही. साखर कारखाना आणि त्याभोवती उभा राहिलेला पसारा डोळ्यांना दिसतो. त्याच्या हिशेबाच्या वहीत जमेची बाजू भरलेली आहे. खर्चाच्या बाजूला फक्त एक माणूस आहे. इतक्या मोठ्या कामापुढे एका माणसाचे काय मोल, हा त्याचा न बोललेला युक्तिवाद आहे आणि तो प्रेक्षकाला क्षणभर पटतो, हीच या चित्रपटातील सर्वांत भयप्रद गोष्ट होय. निळू फुले यांनी हिंदुरावाच्या बेरकीपणाला जी ऊब दिली आहे तिच्यामुळे हे शक्य झाले. त्यांचा हिंदुराव मोकळेपणाने हसतो आणि मास्तरांवर त्याचा खरोखर जीव जडलेला दिसतो. त्याचा राग यावा तेथे त्याची गंमत वाटते, आणि गंमत वाटल्याची खंत प्रेक्षकाला मागाहून वाटते. खलनायकाचा निव्वळ द्वेष करता आला असता तर ताण सैल पडला असता.

पतित मास्तर :

डॉ. श्रीराम लागू यांची मास्तरांची भूमिका या संदर्भात पाहिली पाहिजे. तीनच वर्षांपूर्वी व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’मध्ये (१९७२) लागूंनीच आदर्श शिक्षकाच्या अधःपतनाची कथा साकारली होती. तेथे गुरुजींची प्रतिमा गावाच्या श्रद्धेसाठी अभंग राखली जाते. माणूस कोसळला तरी पुतळा उभा राहतो. ‘सामना’त हे समीकरण उलटे झाले आहे. येथे पुतळा आधीच कोसळलेला आहे. स्वातंत्र्यलढ्यातील ध्येयवाद पाहिलेला आणि नंतर निराश होऊन बाटलीशी सलगी केलेला हा माणूस आहे. त्याला प्रतिष्ठा नाही, म्हणून ती गमावण्याचे भयही नाही. प्रतिष्ठित माणसे ज्या प्रश्नापाशी अडखळतात तेथून तो पुढे जाऊ शकतो.

तेंडुलकरांची ही योजना तीक्ष्ण आहे, कारण तिच्यात एक आरोप दडलेला आहे. गावात शहाणीसुरती माणसे असताना प्रश्न मात्र एका दारुड्याने विचारावा लागतो. मास्तर आणि हिंदुराव यांच्या मद्यपानाच्या प्रसंगांत हा आरोप सर्वाधिक प्रखर होतो. दोन पेले, दोन माणसे आणि मध्ये न दिसणारा तिसरा माणूस, एवढ्याच सामग्रीवर हे प्रसंग उभे आहेत. मैत्री वाढत जाते आणि तिच्या पोटातच चौकशी वाढत जाते. मास्तर प्रश्न विचारतात तेव्हा ते यजमानालाच आव्हान देतात असे नाही. आपल्या विझलेल्या विवेकालाही ते जागे करीत असतात. अशा रीतीने एकाच प्रश्नाच्या दोन चौकशा समांतर चालतात. दुसऱ्या चौकशीचा निकाल कोणत्याही प्रेक्षकाला आधी ठाऊक नसतो.

याच ठिकाणी चित्रपटामागील चमूचा पूर्वानुभव उपयोगी पडलेला दिसतो. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चे लेखक तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल आणि संगीतकार भास्कर चंदावरकर हेच होते, त्यात नाना फडणवीस रंगवणारे मोहन आगाशे ‘सामना’त मारुती कांबळे झाले. सत्ता माणसाला कशी घडवते, वापरते आणि पुसून टाकते, हा विषय या मंडळींच्या हाताखालून गेलेला होता. तेंडुलकर याच सुमारास नेहरू अधिछात्रवृत्तीच्या निमित्ताने समाजातील हिंसेचा अभ्यास करीत होते. पटेल, लागू आणि आगाशे हे तिघेही पेशाने डॉक्टर, हा योगायोग असला तरी चित्रपटाची एकूण वृत्ती निदान करणाऱ्याची आहे. आरती प्रभूंचे गीत एकाचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर कसे येते याची जाणीव देते, तर जगदीश खेबुडकरांची लावणी लोकप्रिय तमाशापटाशी असलेले नाते राखते. या नात्यामुळे ग्रामीण प्रेक्षकाला हा चित्रपट परका वाटला नाही.

चित्रपटाच्या मर्यादा :

कलाकृतीचा प्रभाव मान्य करताना तिच्या उणिवांकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे. मारुती कांबळे हा ‘सामना’चा आत्मा असला तरी तो बहुतांशी इतरांच्या बोलण्यातून आणि आठवणींतून भेटतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला स्वतःची कैफियत मांडण्यास फारच थोडी जागा मिळते. त्याचे आडनाव प्रेक्षकाला पुष्कळ काही सांगते. परंतु जातीचा प्रश्न चित्रपट थेट हाताळत नाही. झुंज शेवटी दोन बड्या व्यक्तिमत्त्वांत रंगते आणि मारुती त्या झुंजीचे निमित्त होण्याचा धोका निर्माण होतो. स्मिता पाटील यांच्यासारखी अभिनेत्री असूनही स्त्रीव्यक्तिरेखा दुय्यमच राहिल्या आहेत. बाहेरून आलेला एक विवेकी माणूस गावाला जागे करतो, या कल्पनेत एक प्रकारचा मध्यमवर्गीय भाबडेपणाही आहे. त्याच दशकात दया पवार, नामदेव ढसाळ यांचे लेखन आतून बोलू लागले होते; त्या आतल्या आवाजाचे बळ ‘सामना’ला लाभलेले नाही.

मात्र ही उणीव आणि चित्रपटाचा थरार यांचे एक विचित्र नाते आहे. मारुती समोर नसल्यामुळेच तो सर्वत्र जाणवतो. त्याची रिकामी जागा प्रेक्षक आपल्या परिसरातील एखाद्या नावाने भरून काढतो. चित्रपट प्रत्येक पिढीला नवा वाटतो तो यामुळे.

ऊस नसलेल्या गावातून पाहताना :

घोटीसारख्या गावातून ‘सामना’ पाहताना हा कारखानदारीचा पट प्रथमदर्शनी दूरचा वाटण्याची शक्यता आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरील ही बाजारपेठ भाताची आणि भातगिरण्यांची. इगतपुरी तालुक्याचे अर्थकारण उसावर उभे नाही. परंतु हे अंतर दिसते तितके मोठे नाही. त्यासाठी ‘सामना’च्याच काळातील एका अमेरिकी थरारपटाची आठवण उपयोगी पडेल. रोमन पोलान्स्की यांच्या ‘चायनाटाउन’मध्ये (१९७४) एका खुनाचा माग काढणारा गुप्तहेर लॉस एंजेलिसच्या पाण्यापर्यंत पोहोचतो. पाणी कोठून कोठे जाते, हे कळले की सत्ता कोणाच्या हाती आहे हे कळते. इगतपुरी तालुक्यात पडणारा पाऊस दारणा धरणात साठतो. ब्रिटिश काळात बांधलेल्या या धरणाचे पाणी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीच्या कालव्यांत जाते आणि पुढे कोपरगाव, राहाता या भागांतील शेतीला मिळते. सहकारी साखर कारखानदारीचा हा जुना बालेकिल्ला होय. घोटी परिसराच्या डोंगरातील पाणी आणि साखरपट्ट्याची समृद्धी एकाच धाग्याने बांधलेली आहेत. ज्यांच्या जमिनी धरणांखाली गेल्या त्यांचे पुढे काय झाले, असे विचारले की ‘सामना’ची वाक्यरचना आपोआप ओठांवर येते.

‘चायनाटाउन’चा शेवट अपयशाचा आहे, गुप्तहेराला सत्य कळते, पण धनदांडग्याचे काही वाकडे होत नाही. ‘सामना’त हिंदुरावाचा पाडाव होतो. या शेवटावर आज विश्वास ठेवणे प्रेक्षकाला अधिक जड जाते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला. आता मास्तरांसारखे विचारणे कायदेशीर झाले. तरीही जमीन व्यवहारांतील गैरप्रकार उजेडात आणण्यासाठी याच कायद्याचा वापर करणारे तळेगाव दाभाडे येथील कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. प्रश्नाला कायद्याचे संरक्षण मिळाले, प्रश्नकर्त्याला मिळेलच याची हमी नाही. चित्रपटगृहातून बाहेर पडलेला प्रेक्षक ज्या जगात पाऊल टाकतो ते जग असे असल्याने ‘सामना’चा ताण पडद्याबरोबर संपत नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की ‘सामना’चा थरार गुन्ह्याच्या उलगड्यावर अवलंबून नाही. तो तीन गोष्टींतून निर्माण होतो : सर्वांना ठाऊक असलेल्या सत्याचा उच्चार कोण करील ही उत्कंठा, उपकारकर्त्यालाच जाब विचारण्यातील नैतिक पेच, आणि विकासाच्या हिशेबात एका माणसाची किंमत किती हा अनुत्तरित सवाल. या तिन्ही गोष्टी काळाबरोबर जुन्या झालेल्या नाहीत.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने यात आणखी एक अर्थ आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील असंख्य शिक्षणसंस्था सहकाराच्या आणि स्थानिक नेतृत्वाच्या बळावर उभ्या राहिल्या, आणि त्यांनी खेड्यातील पहिल्या पिढीला पदवीपर्यंत नेले. हे ऋण खरे आहे. ज्याचे मीठ खाल्ले त्यालाच प्रश्न विचारावा काय, हा मास्तरांचा पेच म्हणूनच शिक्षकाच्या खोलीला सर्वांत जवळचा आहे. चित्रपटाने प्रश्नकर्त्याला ‘मास्तर’ हे संबोधन दिले, यातील औचित्य येथे लक्षात येते. वर्गात ‘सामना’ शिकवताना विद्यार्थ्यांना कथानक सांगण्यास पाच मिनिटे पुरतील. उरलेला तास गावातील इतर माणसांविषयी बोलावे लागेल : ज्यांना सारे माहीत होते, ज्यांनी मारुतीला पाहिले होते, आणि ज्यांनी एक दारुडा मास्तर येईपर्यंत त्याचे नाव घेतले नाही.